कळलावी बागेत लावायचीय? कोल्हापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

वळीव पडायला लागला की कळलावीबद्दल तेच तेच प्रश्न येतात, दिवाळीनंतर परत दुसरे तेच तेच येतात, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. कोल्हापूर शहर आणि आसपासच्या हवेचा विचार करून लिहिलंय, पुण्या-मुंबईच्या किंवा विदर्भातल्या मंडळींनी तारखा थोड्या इकडेतिकडे करून घ्या.

कळलावी म्हणजे नक्की कुठली?

श्रावण-भाद्रपदात पन्हाळ्याच्या किंवा गगनबावड्याच्या बाजूला जाताना कुंपणावर, करवंदीच्या जाळीवर खाली पिवळं आणि वर लालभडक, पाकळ्या उलट्या वर वळलेल्या असं फूल दिसतं ना, तीच. शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. कुणी अग्निशिखा म्हणतं, कुणी खड्यानाग, आयुर्वेदात लांगली. तामिळनाडूचं हे राज्यफूल आहे आणि झिम्बाब्वेचं राष्ट्रीय फूल, म्हणजे आफ्रिकेपासून आपल्याकडे आणि पुढं आग्नेय आशियापर्यंत ही मूळचीच आहे, बाहेरून कुणी आणून लावलेली नाही.

एकदा जवळ उभं राहून बघा. कळी हिरवट असते आणि तोंड खाली करून लोंबत असते. उमलताना सहाच्या सहा पाकळ्या मागं वळत जाऊन वर उभ्या राहतात, कडा नागमोडी. पुंकेसर चारी बाजूला आडवे पसरतात आणि मधली बारीक दांडी, जिच्या टोकाला परागकण लागायला पाहिजेत, ती बुडातच काटकोनात वळून एका बाजूला गेलेली असते. फूल आधी पिवळट-हिरवं, मग केशरी, मग पूर्ण लाल होतं, त्यामुळं एकाच वेलावर एकाच वेळी सगळे रंग दिसतात. मला विचाराल तर पावसाळ्यात सह्याद्रीत जे काय फुलतं त्यात हिच्याइतकं देखणं दुसरं नाही.

विषारी आहे म्हणतात, खरं का?

खरं आहे, आणि हे वाचल्याशिवाय पुढचं वाचू नका. पान, फूल, बी, कंद सगळंच विषारी, सगळ्यात जास्त धोका कंदाचा आणि बियांचा. आत कोल्चिसिन नावाचं द्रव्य असतं. पोटात गेलं तर काही तासांनी घशात आग, उलट्या, जुलाब, पोटात कळा असं सुरू होतं, माणूस कधीकधी मधे बरा वाटतो आणि मग किडनी, रक्त, हृदय यांच्यावर परिणाम दिसायला लागतात, वाचलेल्या लोकांचे केस गळतात. चुकून खाल्लं असा नुसता संशय आला तरी घरी मीठपाणी पाजून उलटी काढत बसू नका, सरळ सीपीआरला (कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल) किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलला न्या आणि वेलाचा तुकडा किंवा फोटो सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना अंदाज लावत बसायला लागत नाही.

रांगतं मूल घरात असेल तर एवढी दोन-चार वर्षं थांबा, असंच मी सांगते. कुत्रं माती उकरणारं असेल तर जमिनीत लावू नका, उंचावर कुंडीत लावा. बाकी घरात धोका आवाक्यात ठेवता येतो, आपल्या दारात कण्हेर आणि धोतरा असतोच की, पण मोठ्यांना, कामाला येणाऱ्या मावशींना, माळीकाकांना, सगळ्यांना सांगून ठेवलेलं पाहिजे. कंद रताळ्यासारखा किंवा करांद्यासारखा दिसतो आणि तो खायचा कंद समजून लोकांनी खाल्ल्याच्या घटना झालेल्या आहेत. म्हणून कंद स्वयंपाकघरात कधीच ठेवायचा नाही, कांद्या-बटाट्याच्या टोपलीजवळ तर नाहीच नाही. हाताळताना ग्लोव्हज घाला, नसतील तर प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळा आणि नंतर हात साबणानं धुवा.

कोल्हापूरच्या हवेत येईल का?

आपलीच आहे ती, न यायला काय झालं. शहरात पाऊस साधारण हजार मिलिमीटरच्या आसपास, पश्चिमेला राधानगरी-गगनबावड्याकडं त्याच्या कितीतरी पट, आणि ही दोन्हीकडं जगते. तिला जून ते सप्टेंबर दमट हवा पाहिजे आणि पुढचे महिने कोरडे पाहिजेत, आपल्याकडं ते आपोआपच मिळतं. अडचण हवेची नाही, मातीची आहे.

माती कशी पाहिजे?

पंचगंगेच्या काठची, उसाची काळीभोर भारी जमीन असेल तर कळलावी त्यात सडते. पाऊस लागून राहिला की ती माती चिकट होते, पाणी मुरत नाही, आणि कंद खालून मऊ पडतो. वर पानं पिवळी पडायला लागतात तेव्हा आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं आणि आपण अजून घालतो. पन्हाळा, जोतिबा बाजूची तांबडी मुरमाड माती तिला मानवते. घरी काळीच माती असेल तर सपाट जागेत लावूच नका, हातभर उंच वाफा करा, त्यात तांबडी माती, जाडी वाळू आणि नीट कुजलेलं शेणखत मिसळा, नुसतं ताजं शेण नको. मोठ्या झुडपाच्या बुडाशी उतारावर जागा असेल तर उत्तम, कारण तिला बूड सावलीत आणि शेंडा उन्हात लागतो.

कंद कुठनं आणायचा? रानात दिसतो तो उपटून आणला तर?

नको. अगदी कळकळीनं सांगते, नको. ही औषधी म्हणून कंदासाठी आणि बियांसाठी आधीच भरपूर ओरबाडली जाते, त्यात आपण हौसेपोटी भर घालायची नाही. राधानगरी अभयारण्यातनं काही उपटणं हा तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणं गुन्हा आहे, १९५८ पासून ते जंगल राखलेलं आहे आणि २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि तिथनं आपण पिशवीत कंद घालून आणायचा म्हणजे काय. शिवाय फुलावर आलेला वेल उपटला तर तो जगतच नाही, कारण त्या वेळी जुना कंद संपत आलेला असतो आणि नवा अजून भरायचा असतो, म्हणजे रानातनंही गेला आणि आपल्या दारातही आला नाही.

ज्यांच्याकडं आधीच बागेत आहे त्यांच्याकडनं उन्हाळ्यात कंद मागा, किंवा स्वतः वाढवून विकणाऱ्या नर्सरीतनं घ्या. नर्सरीवाल्याला सरळ विचारा, हा कंद तुम्ही वाढवला का रानातनं आणला. उत्तर गुळमुळीत आलं तर घेऊ नका. ऑनलाइन काही जण पूर्ण पिवळ्या फुलाचे किंवा परदेशी जातीचे कंद विकतात, ते वाईट नाहीत, पण देशी पाहिजे असेल तर विचारून घ्या.

कंद कधी आणि कसा लावायचा?

मे महिन्याचा शेवट ते मृग, म्हणजे जूनचा पहिला-दुसरा आठवडा. वळवाचे एक-दोन पाऊस होऊन माती गार झाली की लावून टाका.

कंद बघा कसा असतो: दोन फांट्यांचा, नांगरासारखा. प्रत्येक फांट्याच्या अगदी टोकाला एक डोळा असतो, कोंब तिथनंच येतो. ते टोक मोडलं की तो फांटा गेलाच म्हणून समजा, मधनं दुसरीकडनं फुटत नाही, आणि कंद असतो ठिसूळ, म्हणून पिशवीत एकमेकांवर आपटत आणायचे नाहीत, कोरड्या भुश्यात किंवा कागदात गुंडाळून आणायचे. दोन्ही टोकं धड असतील तर जिथं फांटे जुळतात तिथं अलगद तोडून दोन रोपं करता येतात, कापलेल्या जागेवर राख लावायची आणि एक-दोन दिवस सावलीत सुकू द्यायचं.

लावताना आडवा ठेवा, वर साधारण चार बोटं माती. उभा खुपसायचा नाही. जागा निवडतानाच नीट विचार करा कारण कोंब वर आल्यावर हलवता येत नाही. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतो, कधी जास्तही लागतात, तेवढ्यात कुतूहलानं उकरून बघू नका, बघायच्या नादात टोक मोडतं.

कुंडीत, टेरेसवर जमेल का?

जमतं, आणि काळ्या मातीवाल्यांना तर कुंडीच सोयीची. निदान बारा इंची, खोल कुंडी घ्या कारण नवे कंद खाली आणि बाजूला पसरतात. भोकं मोकळी पाहिजेत, खाली विटांचे तुकडे टाका. एका कुंडीत दोन कंद बास. गॅलरी पूर्वेची असेल तर सकाळचं ऊन भरपूर झालं. पत्र्याखाली किंवा नुसत्या ट्यूबलाइटच्या उजेडात वेल लांबट होत जातो आणि फुलत नाही.

आधार कसला द्यायचा? बांबूला चढत नाहीये.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. हिला वेगळे ताणे नसतात, पानाचं टोकच लांब होऊन गुंडाळतं. एक पान हातात धरून बघा, पुढं पुढं बारीक होत शेवटी अळीएवढी वळी झालेली दिसते. ती वळी जाड बांबूला, पाइपला, भिंतीला धरू शकत नाही, तिला काडीएवढं बारीक काहीतरी लागतं. तुरकाठ्या उत्तम, मेंदी-कोरांटीचं कुंपण उत्तम, नाहीतर दोन बांबूंमध्ये सुतळीची किंवा नायलॉनची जाळी बांधा. एक दिवसाआड शेंडा बघून हळूच आधाराकडं वळवायचा, दोऱ्यानं आवळून बांधायचा नाही. खोड कुरकुरीत असतं, शेंडा मोडला तर बहुतेक वेळा त्या वर्षीची फुलं गेली, कारण फुलं शेंड्याकडच्या भागातच येतात. वेल दीड-दोन मीटर होतो, चांगला माजला तर त्याच्याही वर जातो, म्हणून आधार कोंब दिसायच्या आधीच रोवून ठेवा, नंतर काठी खुपसताना ती कंदातनं जाते.

पाणी आणि खत?

पावसाळ्यात पाऊस असेल तर पाणी घालायचं काम नाही, मधे उघडीप पडली तर वरची माती सुकल्यावर द्या. लावताना शेणखत घातलेलं असतंच, नंतर कळ्या दिसेपर्यंत महिन्यातनं एकदा मूठभर गांडूळखत. युरिया घालू नका, नुसती पानं माजतात. बुडाशी उसाच्या पाचटाचा पातळ थर टाकला तर मुसळधार पावसात माती उडत नाही, पण खोडाला चिकटवून ढीग करू नका, तिथं कुजतं.

वेल आला पण फुलं नाहीत, काय चुकलं?

बहुतेक वेळा कंद लहान होता, एवढंच. सुपारीएवढ्या कंदाला पहिल्या वर्षी फूल येत नाही, तो ते वर्ष स्वतःचं अंग भरण्यात घालवतो, पुढच्या नाहीतर त्याच्या पुढच्या वर्षी येतं. दुसरं कारण ऊन कमी. तिसरं, मागच्या वर्षी वेल हिरवा असतानाच कापला होता, आणि हे खाली सविस्तर लिहिलंय कारण तिथंच सगळे गडबड करतात.

काळी, लाल-पांढऱ्या ठिपक्यांची अळी सगळी पानं खातेय!

ती लिलीवरची अळी, पॉलिटेला ग्लोरिओसी नावाच्या पतंगाची. कळलावी हे तिचं मुख्य खाणं, लिलीच्या गटातल्या बागेतल्या इतर झाडांवरही येते. झुंडीनं येते आणि दोन दिवसांत वेल बोडका करते हे खरं. सकाळी चिमट्यानं वेचून काढा, पानांच्या मागं बघायला विसरू नका, रोज वेचलं तर आठवड्याभरात आटोक्यात येते. फवारणी मी करत नाही, कारण त्याच वेलावर फुलपाखरं आणि शिंजीर पक्षी येत असतात. थोडी पानं गेली तर जाऊ द्या, तो पतंगही इथलाच आहे. शेंडा आणि कळ्या तेवढ्या राखा.

पानांची टोकं तपकिरी होणं वेगळं. संततधार लागली की बुरशीनं तसं होतं, हवा खेळती ठेवा, फार खराब पानं काढून टाका, ऊन पडलं की सावरते.

दिवाळीत पानं पिवळी पडून वेल वाळला. मेली का?

नाही हो. झोपली. दरवर्षी नोव्हेंबरमध्ये लोक कुंडी उलटी करून टाकतात, नाहीतर त्यात शेवंती लावतात आणि पाणी घालघालून कंद सडवतात, आणि मग म्हणतात आमच्याकडं कळलावी टिकत नाही.

जमिनीखाली काय चाललेलं असतं ते सांगते. जूनमध्ये लावलेला कंद आपल्यातलं सगळं देऊन कोंब वर पाठवतो आणि स्वतः संपत जातो. पानं वाढली की ती उन्हावर अन्न करून खाली पाठवतात, त्यातनं नवा फांट्यांचा कंद तयार होतो. म्हणजे दरवर्षी कंद नवाच असतो. फुलं संपल्यावरचे सप्टेंबर-ऑक्टोबर हे दोन महिने नव्या कंदाच्या भरणीचे आणि नेमकं तेव्हाच आपण वेल विस्कटलेला दिसतो म्हणून कात्री चालवतो. हिरवा वेल कापला की कंद लहान राहतो आणि पुढच्या वर्षी फूल नाही. दिवाळीला दार छान दिसावं हे मी समजू शकते, पण मग कुंडी मागच्या बाजूला सरकवा, कापू नका. पूर्ण वाळून कागदासारखा कुरकुरीत झाला, ओढल्यावर सहज हातात आला, की काढा.

त्यानंतर डिसेंबर ते मे पाणी बंद. पूर्ण बंद, दया करून तांब्याभर सुद्धा नको. कुंडी असेल तर भिंतीकडेला सावलीत, वर खडूनं किंवा रंगानं नाव लिहून ठेवा, म्हणजे घरातलं कुणी रिकामी कुंडी समजून उचलणार नाही. जमिनीत असेल तर तिथं काठी रोवून खूण करा, उन्हाळ्यात वाफे खणताना कुदळीखाली कंद येतो तो असाच. वळवाच्या पावसानं एप्रिलमध्ये एखादा कोंब लवकर वर आला तर घाबरू नका, तेवढ्याला हलकं पाणी देत राहा, पाऊस लागेपर्यंत तग धरेल.

कंद दरवर्षी काढून ठेवायचे का?

निचरा चांगला असेल तर अजिबात नाही, जागच्या जागी झोपू द्या. कुंडीत दोन-तीन वर्षांनी गर्दी होते, तेव्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये काढा, फावड्यानं नाही, हातानं बाजूनं माती सैल करत. कोरड्या वाळूत किंवा लाकडाच्या भुश्यात, कुलुपात ठेवा आणि डब्यावर मोठ्या अक्षरात विषारी लिहा.

शेंग धरत नाही, बी पाहिजे होतं.

मघाशी सांगितलेली ती काटकोनात वळलेली दांडी, तिच्यामुळं परागकण आपोआप टोकाला लागत नाहीत, फुलपाखरू किंवा शिंजीर येऊन घासून गेलं तर लागतात. शहरात चौथ्या मजल्यावर कोण येणार? तामिळनाडूत दिंडीगुल, करूर भागात औषध कंपन्यांना बी देण्यासाठी हिची शेती करतात, तिथं शेतकरी रोज सकाळी हातानं परागीभवन करतात. आपणही करू शकतो: सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान, पुंकेसर फुटून पिवळी पूड दिसायला लागली की एका फुलाची पूड कापसानं दुसऱ्या फुलाच्या दांडीच्या टोकाला लावा. शेंग हिरवी, लांबोडकी, तीन कप्प्यांची होते, दिवाळीच्या पुढंमागं वाळून तडकते आणि आत शेंदरी-लाल बिया दिसतात. मुलांना त्या हमखास उचलाव्याशा वाटतात, त्यामुळं तडकायच्या आधीच शेंग कापून घ्या. बी नको असेल तर फूल सुकल्यावर शेंग धरूच देऊ नका, कंद जास्त भरतो.

बियांपासून फूल यायला किती दिवस?

दिवस नाही, तीन-चार वर्षं. उगवायलाच तीन आठवड्यांपासून कित्येक महिने लागतात आणि पहिल्या वर्षी गवताच्या पात्याएवढं रोप येऊन जातं, खाली वाटाण्याएवढा कंद राहतो. तरी मी बियांच्याच बाजूनं आहे, एका कंदाचे दरवर्षी दोन होतात, एका शेंगेत बिया कितीतरी, आणि रानाला हात न लावता गल्लीभर वाटता येतील एवढी रोपं त्यातनंच होणार.

घरात लावली की भांडणं होतात म्हणे?

सासूबाई, आत्या, शेजारच्या काकू, कुणीतरी हे म्हणणारच. तसं काही होत नाही. मुलांनी हात लावू नये म्हणून जुन्या माणसांनी धाक घातला असेल तर तो धाक मला पटतो, विषारी झाडाला लांब ठेवायचा तो एक उपाय होता. फारच विरोध असेल तर परसात, कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला लावा, तिला तीच जागा आवडते.

गौरीला वापरू का?

हंगाम नेमका गौरी-गणपतीचाच असतो, आणि कापलेलं फूल पाण्यात आठवडाभर सुद्धा टिकतं. तेरड्याच्या गौरीशेजारी दिसतंही सुंदर. मात्र फुलदाणीत, उंचावर ठेवा. नैवेद्याच्या ताटात, शेपू-वडीच्या ताटाशेजारी, प्रसादावर नाही. कापताना फक्त फुलाचा देठ घ्या, पानांसकट लांब वेल तोडला तर कंदाचं नुकसान. फुलदाणीतलं पाणी सिंकमध्ये नाही, बाहेर झाडाला ओता.

औषध म्हणून घरी उगाळून वापरतात ना?

बाळंतपण लवकर व्हावं म्हणून कंद उगाळून लावायची, साप-विंचवावर लावायची जुनी पद्धत होती. आयुर्वेदातही ही उपविषात मोडते आणि शुद्धी केल्याशिवाय वापरत नाहीत. कोल्चिसिन गाऊट नावाच्या सांधेदुखीवर डॉक्टर देतात ते मोजून मापून, मिलिग्रॅमच्या हिशेबानं. घरात काहीही करू नका, गरोदर बाईच्या बाबतीत तर नावच काढू नका.

हिच्यासोबत अजून कुठली देशी फुलं लावता येतील?

रानहळद लावा, तिचंही वेळापत्रक असंच, पावसात गुलाबी टोकांचा तुरा आणि हिवाळ्यात जमिनीखाली झोप, त्यामुळं पाणी बंद करायचा हिशेब एकच राहतो. सावलीच्या कडेला दशमूळी, पाऊस सरल्यावर निळी-जांभळी फुलं, सुकताना लालसर होतात, आणि ती बारा महिने हिरवी असते म्हणून कळलावी झोपल्यावर वाफा मोकळा दिसत नाही. दशमूळीला हिवाळ्यात थोडं पाणी लागतं, तेव्हा ती कळलावीपासून निदान दोन हात लांब लावा.